कुतचा वेढा: जनरल टाउनशेंड आणि रसदीचं गणित

मालवणच्या सिंधुदुर्ग किल्ल्यात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. चहूकडे खारा समुद्र, पण आत प्यायला गोडं पाणी. वेढा पडला तर पाणी आणि धान्य पुरवून वापरायचं, बाहेरून मदत येईपर्यंत तग धरायचा, हे किल्ल्याच्या लढाईचं जुनं गणित. पहिल्या महायुद्धात एका नावाजलेल्या इंग्रज सेनापतीने हेच गणित मांडलं आणि ते साफ फसलं. त्याची किंमत मराठा पलटणींनीही मोजली.

चार्ल्स टाउनशेंड यांचा जन्म १८६१ चा. १८९५ मध्ये चित्रालच्या (आता पाकिस्तानात) किल्ल्यात त्यांनी मोजक्या शिपायांसह सुमारे दीड महिना वेढा सोसला. मदत पोचली आणि ते इंग्लंडमध्ये हिरो झाले.

१९१५ मध्ये ते सहाव्या पुणे डिव्हिजनचे प्रमुख म्हणून मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेले. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी त्यांच्या हाताखाली होत्या. त्यांत देशावरचे तसेच कोकणातले जवान असत. बगदाद पटकन हाती येईल, अशी वरिष्ठांची अपेक्षा होती. टाउनशेंडना शंका होती, तरी ते पुढे गेले. नोव्हेंबरमध्ये टेसिफॉनला तुर्कांचे खंदक आणि तोफा आडव्या आल्या. चार हजारांहून जास्त माणसं मेली किंवा जखमी झाली. सैन्य मागे फिरून कुत गावात शिरलं आणि डिसेंबरमध्ये वेढा पडला.

अडलं कुठे?

वाहतुकीत. कुमक बसरा बंदरात उतरत होती, पण पुढे रेल्वे नव्हती. टिग्रिस नदी उथळ, त्यात चालणाऱ्या सपाट बुडाच्या बोटी अपुऱ्या. टाउनशेंडनी धान्य जेमतेम महिनाभराचं असल्याचं कळवलं. म्हणून मदतीची फौज पुरती तयारी न करताच चिखलातून मशीनगनवर चालून गेली. नंतर घरोघरी झडती घेतल्यावर आणखी धान्य सापडलं! आत अडकलेल्या सुमारे १३ हजारांना सोडवताना बाहेरचे सुमारे २३ हजार मेले किंवा जखमी झाले.

एप्रिल १९१६ मध्ये विमानांतून पोती टाकायला सुरुवात झाली. असा प्रयोग जगात जवळपास पहिलाच. साधारण १४० फेऱ्यांत आठ-साडेआठ टन माल टाकला, म्हणजे एका फेरीत सरासरी ६० किलो. दोन आठवड्यांत माणशी एक किलोही नाही. काही पोती नदीत पडली, काही तुर्कांकडे. मग २७० टन रसद घेऊन जुलनार ही बोट रात्री निघाली, पण तीही तुर्कांच्या हाती लागली.

२९ एप्रिलला, १४७ दिवसांनी, टाउनशेंड शरण आले. त्यांना इस्तंबूलजवळच्या बेटावर आरामात ठेवलं. शिपायांना मात्र उन्हातान्हात वाळवंटातून पायी नेलं. कैदेत हजारो दगावले. १९१७ मध्ये चौकशी आयोगाने वाहतूक आणि औषधोपचाराच्या गैरव्यवस्थेवर बोट ठेवलं. टाउनशेंड १९२० मध्ये खासदार झाले आणि १९२४ मध्ये पॅरिसला वारले.

थोडक्यात, चित्रालला शिपाई मोजके होते, म्हणून साठ्यावर भागलं. कुतला हजारो माणसांना रोज काही टन धान्य लागत होतं. तेवढा माल रोज पोचवणारी यंत्रणा नसेल, तर नुसत्या शौर्यावर वेढा फुटत नाही.