लाखेला पर्याय शोधताना घरातील वीज सुरक्षित करणारे लिओ बेकलँड

नवी दिल्ली : राजधानीतील लक्ष्मीबाई नगर ही झाशीच्या राणीचे नाव धारण करणारी सरकारी कर्मचाऱ्यांची वसाहत. स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत देशभर अशा ज्या वसाहती उभ्या राहिल्या, त्यांतील घरांत भिंतीवर लाकडी पेटी, तिच्यावर टक आवाज करणारे काळे गोल स्विच आणि छतापासून लोंबणारा काळा होल्डर हे दृश्य ठरलेले असे. तो काळा पदार्थ म्हणजे बेकेलाइट. त्याचे जनक लिओ बेकलँड यांचे नाव त्या पदार्थात कायमचे मिसळून गेले. मात्र त्यांच्या शोधाची सुरुवात भारतीय जंगलातील लाखेपासून झाली, हे फारसे सांगितले जात नाही.

बेकलँड यांचा जन्म १४ नोव्हेंबर १८६३ रोजी बेल्जियममधील गेंट शहरात झाला. वडील चांभारकाम करीत, आई घरकाम. शिष्यवृत्तीच्या बळावर त्यांनी गेंट विद्यापीठातून तरुण वयातच डॉक्टरेट मिळवली. १८८९ मध्ये आपल्या प्राध्यापकांची कन्या सेलिन स्वार्ट्स यांच्याशी विवाह करून ते अमेरिकेला गेले आणि तेथेच स्थायिक झाले. कृत्रिम प्रकाशात छायाचित्रे छापता येतील असा ‘वेलॉक्स’ कागद त्यांनी तयार केला. १८९९ मध्ये कोडॅकच्या जॉर्ज ईस्टमन यांनी तो व्यवसाय मोठ्या रकमेला विकत घेतला. पस्तिशीतच सुखवस्तू झालेल्या या रसायनज्ञाने न्यूयॉर्कजवळील याँकर्स येथील आपल्या घराच्या आवारात प्रयोगशाळा थाटली.

त्या वेळी वीज घराघरांत शिरत होती, पण तिला अडवून ठेवणारे साहित्य जुनेच होते. तारांवर रबर आणि सुती वेष्टण असे. रबर वाळून तडकत असे, सूत आणि लाकूड ओल धरीत असे. चिनी माती उत्तम विद्युतरोधक. परंतु आपटली की फुटणारी आणि बारीक, नेमक्या आकारात घडवण्यास अवघड. कित्येक स्विचवर तर पितळी झाकण असे. आतला रोधक निकामी झाला की हात लागणाऱ्या झाकणातच प्रवाह उतरण्याची शक्यता असे. आज हे ऐकून अंगावर काटा येतो.

तारांच्या वेटोळ्यांवर आणि विद्युत उपकरणांच्या भागांवर चढवण्यासाठी मोठी मागणी होती ती चपड्याला, म्हणजे शुद्ध केलेल्या लाखेला. पळस, बोर आणि कुसुंबाच्या फांद्यांवर लाखेचे किडे जी राळ स्रवतात, ती खरवडून, वितळवून, गाळून चपडा तयार होतो. त्याचा जगातील सर्वात मोठा पुरवठादार भारत होता. उत्पादन किड्यांच्या हंगामावर अवलंबून, त्यामुळे भाव सतत वरखाली होत. शिवाय लाखेचा मूळ दोष असा, की ती उष्णतेने मऊ पडते आणि विजेचा सांधा सैल झाला की पहिल्यांदा निर्माण होते ती उष्णताच.

बेकलँड यांनी कृत्रिम लाख बनवण्याचे ठरवले. फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइड यांच्या संयोगातून चिवट राळ तयार होते, हे जर्मन रसायनज्ञ अडोल्फ फॉन बायर यांनी १८७२ मध्येच नोंदवले होते; पण ती भांड्याला घट्ट चिकटून बसे आणि निरुपयोगी ठरे. बेकलँड यांचा पहिला पदार्थ ‘नोव्होलॅक’ लाखेची जागा घेऊ शकला नाही. यानंतरचा त्यांचा निर्णय महत्त्वाचा ठरला. अभिक्रिया आटोक्यात राहावी म्हणून इतर संशोधक तापमान कमी ठेवत होते. बेकलँड यांनी उलट ते वाढवले आणि वायूंचे बुडबुडे पदार्थाला सच्छिद्र करू नयेत म्हणून बंद पात्रात दाब दिला. १९०७ च्या उन्हाळ्यात हाती आलेला पदार्थ एकदा घट्ट झाला की पुन्हा वितळत नव्हता. साच्यात हवा तो आकार घेत होता आणि वीज वाहू देत नव्हता.

त्याच वर्षी १३ जुलै रोजी त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला. विद्युतरोधकाच्याच शोधात असलेले ब्रिटिश अभियंता जेम्स स्विनबर्न यांची संधी अवघ्या एका दिवसाने हुकल्याचे सांगितले जाते. फेब्रुवारी १९०९ मध्ये बेकलँड यांनी अमेरिकन केमिकल सोसायटीपुढे शोध जाहीर केला आणि पुढील वर्षी कंपनी स्थापली. लाकडाचा भुसा मिसळून साच्यात दाबलेल्या या राळेचे स्विच, प्लग, होल्डर, दूरध्वनी आणि रेडिओची खोकी बनू लागली. बोटाला धातू लागणारच नाही असा स्विच स्वस्तात मिळू लागला.

‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर १९२४ मध्ये बेकलँड झळकले. योगायोग असा, की त्याच वर्षी रांचीजवळ नामकुम येथे भारतीय लाख संशोधन संस्था सुरू झाली. लाख संपली नव्हती. ग्रामोफोनच्या तबकड्या अजून तिच्यापासूनच बनत. विजेच्या सामानातील तिची जागा मात्र कारखान्यातील राळ घेत चालली होती.

उतारवयात बेकलँड एकांतप्रिय आणि विक्षिप्त होत गेले. १९३९ मध्ये कंपनी युनियन कार्बाइडकडे गेली. २३ फेब्रुवारी १९४४ रोजी न्यूयॉर्क राज्यातील बीकन येथे वयाच्या ८० व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

आजच्या स्विचमध्ये पॉलिकार्बोनेट आले आहे, तारांवर पीव्हीसी. तरी इलेक्ट्रिशियन ज्याला हायलम शीट म्हणतात ती कागद याच जातीच्या राळेत भिजवून दाबलेली असते आणि प्रेशर कुकरची मूठही बहुधा त्याच कुळातील. बेकेलाइटचा दोष उशिरा लक्षात येतो. धूळ आणि ओल बसलेल्या पृष्ठभागावर ठिणग्या पडत राहिल्या, की तेथे कोळशाची बारीक रेघ उमटते आणि त्या रेघेतून वीज वाहू लागते. म्हणून जुन्या घरातील तडा गेलेला किंवा करपल्याचा वास येणारा काळा होल्डर मुख्य स्विच बंद करून बदलावाच लागतो. एकदा घट्ट झालेला हा पदार्थ तापवून पुन्हा सांधता येत नाही.