रेडक्रॉसचे जनक हेन्री ड्यूनांट



पांढऱ्या कापडावर तांबडी फुली असलेले चिन्ह आपण सर्वांनी कुठे ना कुठे पाहिले आहे. त्याला रेडक्रॉस म्हणतात. पुष्कळांना वाटते की ही दवाखान्याची खूण आहे. खरं म्हणजे ती एका वचनाची खूण आहे. लढाईत जखमी झालेल्या माणसाला आणि त्याची सेवा करणाऱ्याला कोणी मारायचे नाही, असे ते वचन. हे वचन सगळ्या जगाकडून घ्यावे असे ज्यांच्या मनात आले, त्या हेन्री ड्यूनांट यांचे हे चरित्र आहे.

युरोप खंडात स्वित्झर्लंड नावाचा डोंगराळ देश आहे. तिथल्या जिनीव्हा शहरात ८ मे १८२८ रोजी हेन्रींचा जन्म झाला. घर खाऊनपिऊन सुखी होते. वडील अनाथ मुलांची आणि तुरुंगातून सुटून आलेल्या माणसांची काळजी घेत. आई गोरगरिबांच्या आणि आजाऱ्यांच्या मदतीला जाई. लहानपणी हेन्रींनी फ्रान्समधल्या तूलाँ गावी तुरुंगातल्या कैद्यांचे हाल डोळ्यांनी पाहिले. ते त्यांच्या मनातून कधी गेले नाहीत.

अभ्यासात हेन्री काही पहिल्या नंबरचे नव्हते, बरं का! मार्क कमी पडले म्हणून त्यांना विद्यालय सोडावे लागले. मग ते एका पेढीवर उमेदवारी करू लागले. पण रविवारी दुपारी मित्र फिरायला जात, तेव्हा हेन्री तुरुंगात जाऊन कैद्यांना भेटत.

पेढीच्या कामासाठी १८५३ साली ते आफ्रिकेतल्या अल्जीरिया देशात गेले. तो देश तेव्हा फ्रान्सच्या ताब्यात होता. तिथे गहू पिकवावा, पिठाची गिरणी चालवावी, असे त्यांनी ठरवले. त्यासाठी कंपनी काढली आणि ओळखीपाळखीच्या लोकांनी तिच्यात पैसे घातले. आता शेती म्हटली की पाणी आलं. जमीन आणि पाणी वापरायची परवानगी सरकारी अधिकारी काही देईनात. हेन्री हेलपाटे घालून कंटाळले. शेवटी त्यांनी विचार केला, आता थेट बादशहालाच गाठायचे. फ्रान्सचा बादशहा तिसरा नेपोलियन त्या वेळी इटलीत ऑस्ट्रियाशी लढत होता. हेन्री अर्ज घेऊन तिकडे निघाले. म्हणजे गेले होते स्वतःच्या कामाला आणि तिथे त्यांना दिसले भलतेच!

२४ जून १८५९ या दिवशी उत्तर इटलीत सोल्फेरिनो गावापाशी मोठी लढाई झाली. एका बाजूला फ्रान्स आणि सार्डिनिया, दुसऱ्या बाजूला ऑस्ट्रिया. दोन्हीकडचे मिळून सुमारे तीन लाख सैनिक होते. पहाटेपासून पंधरा तासांच्या वर लढाई चालली. संध्याकाळी मेलेले, जखमी झालेले आणि बेपत्ता असे मिळून चाळीस हजारांच्या आसपास माणूस कामी आला होता.

त्याच संध्याकाळी हेन्री जवळच्या कास्तिल्योने गावात येऊन पोचले. जखमी शिपायांचे लोंढेच्या लोंढे गावात येत होते. नऊ हजारांच्या आसपास जखमी त्या लहानशा गावात आले. दवाखाने भरले, घरे भरली, देवळे भरली, मग रस्त्यावर गवत पसरून त्यावर माणसे झोपवली. एका मोठ्या चर्चमध्येच पाचशे जखमी होते. डॉक्टर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. उन्हाळ्याचे दिवस, जखमांवर माश्या बसत होत्या आणि जो तो पाणी पाणी करत होता. गावात अन्न होते, पाणीही होते, पण ते तोंडाशी नेऊन द्यायला माणूस नव्हता. म्हणून शिपाई तहानेने मरत होते.

हेन्री काही डॉक्टर नव्हते. अंगात पांढरे कपडे, असा हा व्यापारी माणूस. त्यांनी बाह्या वर केल्या आणि कामाला लागले. गावातल्या बायकांना गोळा केले. एकीने पाणी पाजायचे, एकीने जखमा धुवायच्या, एकीने पट्ट्या बांधायच्या, अशी कामे वाटून दिली. गावातली लहान मुले बादल्या आणि झाऱ्या घेऊन कारंज्यापासून चर्चपर्यंत पाण्याच्या खेपा घालू लागली. हेन्रींनी आपली घोडागाडी ब्रेशिया शहराला पाठवली आणि स्वतःच्या पैशाने लिंबं, संत्री, साखर, सदरे, पट्ट्यांचे कापड असे सामान आणवले. लष्कराच्या भाकऱ्या भाजणे ही म्हण आपण टोमण्याने वापरतो. इथे एका माणसाने त्या खरोखरच भाजल्या.

आता खरा प्रश्न पुढेच आहे. जखमींमध्ये फ्रेंच होते तसे ऑस्ट्रियन शिपाईही होते. म्हणजे शत्रू. सकाळी ज्यांनी गोळ्या झाडल्या त्यांनाच संध्याकाळी पाणी पाजायचे का? हेन्रींनी असा भेद केलाच नाही. समोर पडलेला माणूस कोणत्या राजाचा, हे त्यांनी विचारले नाही. त्याला किती लागले आहे एवढेच पाहिले. त्यांचे पाहून गावातल्या बायाही तसेच करू लागल्या. हे सगळे आपले भाऊच, असे त्या एकमेकींना सांगू लागल्या. शाळेत न शिकलेल्या त्या आयाबायांना ही गोष्ट एका दिवसात कळली. फ्रेंचांनी ऑस्ट्रियाचे काही डॉक्टर कैद करून ठेवले होते. त्यांना सोडावे म्हणजे ते जखमींच्या उपयोगी पडतील, अशी खटपट हेन्रींनी केली आणि त्या डॉक्टरांना सोडण्यात आले.

मरणाच्या दारात असलेल्या शिपायांचे निरोपही हेन्री लिहून घेत. एक शिपाई वीस वर्षांचा, आईबापाचा एकुलता एक मुलगा होता. तो गेला. हेन्रींनी पुढे त्याच्या घरचा पत्ता काढून वडिलांना कळवले. मुलाचे काय झाले याची त्या घराला मिळालेली तेवढीच बातमी. अशी किती घरे वाट पाहत राहिली असतील याचा पालकांनीच विचार करावा.

हेन्री जिनीव्हाला परत आले. ज्या अर्जासाठी गेले होते ते काम तसेच राहिले. पण त्यांचे चित्त थाऱ्यावर नव्हते. १८६२ साली त्यांनी सोल्फेरिनोची आठवण या नावाचे पुस्तक लिहिले आणि स्वखर्चाने १६०० प्रती छापल्या. त्या युरोपातल्या राजांना, मंत्र्यांना आणि सेनापतींना पाठवल्या. पुस्तकात नुसते वर्णन नव्हते, दोन सूचना होत्या. पहिली सूचना अशी की, शांतता असतानाच प्रत्येक देशात स्वयंसेवकांचे मंडळ तयार ठेवावे. आग लागल्यावर विहीर खणायला घेऊन काय उपयोग? दुसरी सूचना अशी की, सर्व देशांनी एकत्र बसून जखमींच्या रक्षणाचा करार करावा.

जिनीव्हाचे वकील ग्यूस्ताव्ह म्वान्ये यांना पुस्तक आवडले. १८६३ च्या फेब्रुवारीत म्वान्ये, जनरल द्यूफूर, डॉक्टर आपिया, डॉक्टर मोन्वार आणि ड्यूनांट अशा पाच जणांची समिती झाली. जगभर पसरलेल्या रेडक्रॉसचे बी ते हेच. त्याच वर्षी ऑक्टोबरात सोळा देशांची माणसे जिनीव्हात जमली. पुढच्या वर्षी, २२ ऑगस्ट १८६४ रोजी, बारा देशांनी करारावर सह्या केल्या. करार फक्त दहा कलमांचा होता. जखमी शिपाई कोणत्याही देशाचा असो, त्याला उचलून आणून औषधपाणी करायचे. दवाखाने आणि जखमींच्या गाड्या यांवर हल्ला करायचा नाही. ज्या गावकऱ्याने घरात जखमी ठेवून घेतला असेल त्याच्या घराला सैन्याने धक्का लावायचा नाही. आणि हे सगळे लांबूनही ओळखता यावे म्हणून पांढऱ्यावर तांबडी फुली हे चिन्ह ठरले. स्वित्झर्लंडच्या झेंड्यावर तांबड्यावर पांढरी फुली असते. तिचे रंग उलटे केले की झाला रेडक्रॉस! पुढे तुर्कस्तानने फुलीच्या जागी तांबडी चंद्रकोर घेतली. तिचाही मान तेवढाच आहे.

इथपर्यंत सगळे चांगले झाले. पण या धावपळीत हेन्रींचे स्वतःच्या धंद्याकडे दुर्लक्ष झाले. १८६७ साली त्यांचे दिवाळे निघाले. दहा लाख फ्रँकच्या आसपास कर्ज झाले. ज्यांनी विश्वासाने पैसे दिले होते ते बुडाले, त्यात त्यांची आपली माणसेही होती. न्यायालयाने हेन्रींना दोषी ठरवले. समितीतून त्यांना बाहेर पडावे लागले. म्वान्ये आणि ते पुन्हा कधी एक झाले नाहीत. हेन्रींनी जिनीव्हा सोडले आणि मरेपर्यंत तिथे पाऊल ठेवले नाही. व्यवहारात ते चुकले, हे मान्य करायलाच पाहिजे. थोर माणसाचे चरित्र लिहिताना ही बाजू झाकू नये.

मग हालाखीचे दिवस आले. पॅरिस शहरात कधी उपाशी तर कधी पावाच्या तुकड्यावर त्यांनी दिवस काढले. कोट विटला की त्याला शाई लावायची, कॉलर मळली की तिच्यावर खडू घासायचा, अशी पाळी आली. जखमींना कोणी विसरू नये म्हणून धडपडणाऱ्या माणसाला जगच विसरून गेले. ते जिवंत आहेत हेसुद्धा पुष्कळांना ठाऊक नव्हते. आणि इकडे त्यांचा रेडक्रॉस देशोदेशी वाढत होता!

१८८७ साली ते स्वित्झर्लंडच्याच हायडेन नावाच्या डोंगरातल्या गावी राहायला आले. १८९२ पासून तिथल्या इस्पितळातल्या एका खोलीत त्यांचे दिवस गेले. त्या गावचे शाळामास्तर विल्हेल्म सोंडरेगर आणि त्यांची पत्नी सुझाना यांनी या एकट्या म्हाताऱ्याला जीव लावला. आपली हकिकत लिहून ठेवा, असा मास्तरांनी आग्रह धरला. पुढे १८९५ साली एका वृत्तपत्राच्या संपादकांनी हायडेनला येऊन त्यांच्यावर लेख लिहिला आणि बातमी सगळ्या युरोपात पसरली. पत्रांचा आणि देणग्यांचा पाऊस पडला.

१९०१ साली जगातले पहिले शांततेचे नोबेल पारितोषिक हेन्री ड्यूनांट आणि फ्रेडरिक पासी या दोघांना मिळून देण्यात आले. त्या वेळी काहींनी शंका काढली. जखमींना मलमपट्टी केल्याने युद्ध थोडंच थांबतं? उलट युद्ध करणे सोपे होईल. ही शंका अगदीच चुकीची नाही. पण ज्याचे रक्त वाहते आहे त्याला, जगातली युद्धे थांबेपर्यंत थांब, असे सांगता येत नाही. युद्ध थांबवण्याचे काम करणारे ते काम करतील, तोवर जखमीला पाणी तर पाजलेच पाहिजे. पासी युद्ध थांबवण्यासाठी झटले, ड्यूनांट जखमींसाठी झटले. म्हणून बक्षीस दोघांना विभागून दिले ते योग्यच झाले.

बक्षिसाच्या पैशातला एक पैसाही हेन्रींनी स्वतःवर खर्च केला नाही. ३० ऑक्टोबर १९१० रोजी हायडेनला त्यांनी देह ठेवला. गावातल्या गरीब आजाऱ्यासाठी इस्पितळात एक खाट कायम मोफत असावी, अशी तरतूद त्यांनी मृत्युपत्रात केली होती. त्यांच्या इच्छेप्रमाणे कसलाही समारंभ न करता झुरिक शहरात त्यांचे दफन झाले. त्यांचा वाढदिवस ८ मे हा जागतिक रेडक्रॉस दिन म्हणून पाळतात.

ड्यूनांट गेले, पण सोल्फेरिनोत जे घडले त्यातूनच पुढे मदतकार्याचे नियम तयार झाले. १९६५ साली व्हिएन्ना येथे रेडक्रॉसने सात तत्त्वे जाहीर केली. माणुसकी, भेदभाव न करणे, तटस्थता, स्वातंत्र्य, स्वयंसेवा, एकता आणि विश्वव्यापकता अशी ती आहेत. शब्द मोठे आहेत, पण अर्थ सोपा आहे. भेदभाव न करणे म्हणजे ज्याची जखम मोठी त्याचा नंबर पहिला. धर्म, जात, देश, ओळख विचारायची नाही. तटस्थता म्हणजे भांडणात कुणाची बाजू घ्यायची नाही. एकाची बाजू घेतली तर दुसरा आपल्याला त्याच्या जखमींपर्यंत जाऊ देणार नाही. स्वातंत्र्य म्हणजे सरकार किंवा पैसेवाला सांगेल त्यालाच मदत, असे होऊ द्यायचे नाही.

हे पाळणे मात्र सोपे नाही. दुसऱ्या महायुद्धात ज्यू लोकांची कत्तल चालली होती. जिनीव्हाच्या समितीला त्याची माहिती पोचली होती, तरी १९४२ साली तिने जाहीरपणे बोलायचे टाळले. पुढे समितीने स्वतःच ते आपले अपयश म्हणून कबूल केले. तेव्हा तटस्थ राहायचे ते मदत करता यावी म्हणून, डोळे मिटून घेण्यासाठी नव्हे, हा धडा त्यातून मिळाला.

आज जिनीव्हा करार जगातल्या सर्व देशांनी मान्य केला आहे. आपल्या देशात भारतीय रेडक्रॉस संस्था १९२० च्या कायद्याने स्थापन झाली. १९६० च्या कायद्याप्रमाणे सरकारच्या परवानगीशिवाय हे चिन्ह कोणी वापरायचे नाही. औषधाच्या दुकानावर किंवा खासगी डॉक्टरांच्या गाडीवर ते रंगवणे चूक आहे. का? तर जिथे तिथे फुली दिसू लागली, तर ज्या दिवशी तिने कुणाचा जीव वाचवायचा त्या दिवशी तिला कोण मानणार?

मित्रांनो, आपल्याला काही लढाईवर जायचे नाही. पण गावात तंटा होतो, खेळताना मारामारी होते, पूर येतो, आग लागते. अशा वेळी कुणाला लागले असेल तर आधी पाणी आणावे. तो आपल्या वर्गातला की दुसऱ्या, आपल्या आळीतला की पलीकडच्या, भांडण कुणी काढले, हे सगळे मागाहून विचारावे. कास्तिल्योनेच्या चर्चपर्यंत बादल्या नेणारी मुले आपल्यासारखीच लहान होती. त्यांनी कुणाला काही विचारले नाही. ती नुसती पाण्याच्या खेपा घालत राहिली.