शल्यविशारद विश्राम रामजी घोले आणि उद्याचे डॉक्टर

जयगडच्या माणसाला मोठे दुखणे आले की त्याला रत्नागिरीची वाट धरावी लागते. डिसेंबर 2024 मध्ये वायुगळतीचा त्रास झालेल्या नांदिवडे येथील शाळकरी मुलांनाही तिथेच न्यावे लागले. त्याच रत्नागिरीत 2023 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू आहे. तिथली पोरे शस्त्रक्रिया पुस्तकातून शिकतील. पण रोग्याशी वागायचे कसे, हे ती आपल्या सर्जनकडे पाहूनच शिकणार. म्हणून आज आम्हाला डॉ. विश्राम रामजी घोले यांची आठवण होते.

डॉ. घोले यांचा जन्म 1833 चा. घराणे मूळ कोकणातले, जात गवळी. ज्या काळात बहुजनांच्या पोराने पाटी धरणे हाच गुन्हा होता, त्या काळात हा माणूस नामांकित शल्यविशारद झाला. सरकारने रावबहादूर केले, व्हाइसरॉयचे मानद शल्यवैद्य म्हणून मान दिला. असा मान मिळालेली माणसे पुढे समाजाकडे पाठ फिरवतात, हा आपला नेहमीचा अनुभव! घोले मात्र सत्यशोधक समाजात उतरले, त्याचे अध्यक्षही झाले.

त्याची किंमत त्यांनी घरात मोजली. लाडकी लेक काशीबाई, जिला बाहुली म्हणत, तिला त्यांनी शाळेत घातले. जातीतले लोक खवळले. ती 1877 मध्ये लहान वयातच गेली. तिला खाऊतून काचा चारल्या, असे सांगितले जाते. घोले खचले असतील, पण मागे हटले नाहीत. दुसऱ्या लेकीला, गंगूबाईला त्यांनी शिकवलेच. बाहुलीच्या नावाने पुण्यात बांधलेला हौद सर्व जातींना खुला ठेवला, असे सांगतात.

1888 मध्ये महात्मा जोतीराव फुले यांना पक्षाघात झाला, उजवे अंग लुळे पडले. उपचार डॉ. घोले यांनी केले. त्यातून उठून तात्यांनी डाव्या हाताने लिहायला सुरुवात केली. घरात यशवंत तेव्हा चौदा-पंधरा वर्षांचा होता. एक मोठा सर्जन रोग्याच्या उशाशी कसा बसतो, हे त्या पोराने पाहिले नसेल काय?

आज वॉर्डात पोरे काय पाहतात? साहेब कोणाला अहो म्हणतात, कोणाला अरे. वीस विद्यार्थ्यांसमोर बाईचा पदर बाजूला करण्याआधी तिला विचारतात की नाही. आडनाव ऐकून कोणाचा आवाज बदलतो. हा धडा परीक्षेत येत नाही, पण पाठ मात्र तोच होतो. मे 2019 मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी या आदिवासी लेकीने जीव दिला. जातीवरून छळल्याच्या आरोपाखाली तीन वरिष्ठ महिला डॉक्टरांवर आरोपपत्र दाखल झाले. त्या वरिष्ठही कोणाच्या तरी हाताखालीच शिकल्या होत्या ना?

यशवंत पुढे डॉक्टर झाला, लष्करात नोकरीला लागला. 1897 मध्ये पुण्यात प्लेग आला तेव्हा सावित्रीमाईंनी त्याला बोलावून घेतले. हडपसरजवळच्या माळावर मायलेकांनी दवाखाना उघडला. मुंढव्याच्या महारवाड्यातले प्लेगने तापलेले पोर माईंनी पाठीवर टाकून तिथे आणले. त्याच साथीने 10 मार्च 1897 रोजी माई गेल्या.