रुडॉल्फ डिझेल

अहमदपूरहून लातूरकडे किंवा नांदेडकडे जाताना रस्त्याच्या कडेला गाड्या दुरुस्त करण्याची दुकाने दिसतात. तेथे कधी एखादी पिकअप गाडी बॉनेट उघडून उभी असते. रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात, सायलेन्सरमधून पांढरा धूर निघतो आणि इंजिनातील ऑइल दुधासारखे दिसते. मिस्त्री लगेच ओळखतो, की हेड गॅसकेट गेले आहे. इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचे हेड यांच्यामध्ये बसवलेला हा एक पातळ पत्रा असतो. एवढ्याशा पत्र्यावाचून एवढे मोठे इंजिन का अडते? याचे उत्तर रुडॉल्फ डिझेल यांच्या चरित्रात सापडते.

रुडॉल्फ यांचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिस येथे झाला. त्यांचे आईवडील जर्मन होते. वडील चामड्याच्या वस्तू बनवीत. १८७० साली फ्रान्स आणि जर्मनी यांच्यात युद्ध पेटले. जर्मन कुटुंबांना पॅरिस सोडावे लागले. आईवडील लंडनला गेले. बारा वर्षांच्या रुडॉल्फला त्यांनी जर्मनीत ऑग्सबर्ग येथे नातेवाइकांकडे पाठवले. घरची गरिबी होती. पण मुलगा हुशार होता. शिष्यवृत्तीच्या बळावर तो म्युनिकच्या तंत्रविद्यालयात शिकला आणि १८८० साली उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाला.

त्या काळी कारखाने वाफेच्या इंजिनावर चालत. कोळशाच्या उष्णतेचा फार मोठा भाग त्यात वाया जाई. ही नासाडी थांबवण्याचा रुडॉल्फ यांनी ध्यास घेतला. सायकलच्या चाकात हवा भरताना पंप गरम होतो, हे तुम्ही पाहिले असेल. हवा दाबली की तापते. ती इतकी दाबायची, की तिच्यात सोडलेले इंधन ठिणगीशिवाय आपोआप पेटेल, अशी त्यांची कल्पना होती.

१८९३ साली ऑग्सबर्गच्या कारखान्यात पहिले इंजिन तयार झाले. कल्पना सोपी होती, पण काम अवघड होते. दाबलेली हवा फटीफटीतून निसटून जाई. १० ऑगस्टला इंधन पेटले. पण दाब मोजणारे यंत्रच फुटले. रुडॉल्फ खचले नाहीत. चूक शोधायची, भाग बदलायचा आणि पुन्हा चाचणी घ्यायची, असा त्यांचा क्रम चार वर्षे चालला. १८९७ साली तज्ज्ञांनी इंजिन तपासले. इंधनातील सुमारे २६ टक्के उष्णता कामी आली. वाफेच्या इंजिनापेक्षा हे कितीतरी अधिक होते. १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात असे एक इंजिन भुईमुगाच्या तेलावरही चालले.

रुडॉल्फ यांना कीर्ती मिळाली, पैसाही मिळाला. परंतु पैशाचे व्यवहार त्यांना सांभाळता आले नाहीत. आजारपण आणि कर्ज यांनी ते त्रासले. २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री इंग्लंडला जाणाऱ्या जहाजातून ते नाहीसे झाले. काही दिवसांनी त्यांचा मृतदेह समुद्रात सापडला.

त्यांचे काम मात्र थांबले नाही. १९२० नंतरच्या काळात डिझेल इंजिन मालमोटारींत बसू लागले. आपल्या महाराष्ट्रात १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली आणि अशी इंजिने शेतकऱ्यांच्या विहिरींवर पोहोचली.

आता त्या मिस्त्रीकडे पुन्हा पाहा. तो हेड उतरवतो, दोन्ही पृष्ठभाग घासून स्वच्छ करतो आणि हेड वाकले तर नाही ना, हे सरळ पट्टी ठेवून पाहतो. मग नवे गॅसकेट बसवून मधल्या बोल्टपासून कडेकडे, थोडे थोडे करून, सारे बोल्ट आवळतो. घाई केली तर दाब निसटेल आणि पाणी पुन्हा ऑइलमध्ये उतरेल, हे त्याला ठाऊक असते. रुडॉल्फ डिझेल चार वर्षे ज्या दाबासाठी झटले, तोच दाब तो आपल्या हातांनी राखतो. म्हणून त्याचे काम हलके समजू नये.