प्रियदर्शी अशोक : भूतदया आणि मनुष्यन्याय

अहिंसेचा विचार करिताना साधकापुढे एक शंका उभी राहते. मुंगीला वाट देणारा पुरुष आपल्या घरी राबणाऱ्या दासाशी निष्ठुर वागत असेल, तर त्याच्या दयेस दया म्हणावे काय? या शंकेचा निर्वाह मौर्य सम्राट अशोकाच्या चरित्रात पाहावयास मिळतो.

चंद्रगुप्ताचा हा नातू इ. स. पूर्व २६८ च्या सुमारास राज्यावर आला. अभिषेकास आठ वर्षे झाली असता त्याने कलिंग जिंकला. एक लक्ष माणसे रणात पडली, दीड लक्ष देशोधडीस नेली गेली. हे आकडे शत्रूने नव्हे, त्याने स्वतःच शिळेवर कोरविले. येथून त्याचा अनुताप सुरू झाला.

त्याने पशुबळी निषेधिला. राजपाकशाळेतील नित्याचा वध दोन मोर व एक हरीण एवढ्यावर आणिला आणि पुढे तोही थांबविण्याचा संकल्प जाहीर केला. मनुष्य आणि पशू या दोहोंसाठी चिकित्सेची सोय केली, औषधी वनस्पती लावविल्या, मार्गावर विहिरी खणविल्या. अभिषेकानंतरच्या २६ व्या वर्षीच्या स्तंभलेखात गाभण व दुभत्या शेळ्यामेंढ्यांना आणि सहा महिन्यांच्या आतील पिलांना त्याने अभय दिले. व्यर्थ अरण्ये जाळू नयेत असे सांगितले. त्याच लेखाच्या अंती तोवर २५ वेळा बंदिवान मुक्त केल्याची नोंद आहे. त्याच वर्षीच्या दुसऱ्या लेखात न्याय व दंड सर्वांस सारखा असावा, आणि वधाची शिक्षा झालेल्यास तीन दिवसांची मुदत मिळावी, अशी आज्ञा आहे.

नवव्या शिलालेखाचे तात्पर्य तर विशेष मननीय आहे. लोक विवाहात, रोगात, प्रवासास निघताना नाना मंगलकृत्ये करितात. परंतु खरे मंगल म्हणजे दास व सेवक यांच्याशी योग्य वर्तन, गुरुजनांचा आदर आणि प्राणिमात्राविषयी संयम. दास आणि प्राणी येथे एकाच विधानात आले आहेत. या लेखाचा एक खंडित भाग आपल्या कोकणात, सोपारे परिसरात, मिळाला आहे.

तथापि न्यूनही सांगितले पाहिजे. दास्य त्याने मोडिले नाही, देहान्तदंड रद्द केला नाही. अरण्यवासी जनांस त्याने आपल्या सामर्थ्याची जाणीव करून दिली. अनुतापाचा तो लेख कलिंगातील शिळांवर मात्र कोरविला नाही. ज्यांचा घात झाला त्यांच्याच भूमीत तो मौन राहिला. इ. स. पूर्व २३२ च्या सुमारास त्याचा देहान्त झाला.

म्हणून साधकाने दोन्ही घ्यावे. एकाच अंतःकरणातून निघालेली दया पशूपर्यंत पोहोचते आणि बंदिवानापर्यंतही. ती जेथे अडते तेथे आपला स्वार्थ आडवा आला काय, हे ज्याने त्याने तपासावे.