बियांसाठी जग पालथं घालणारा वाविलोव

जगाची भूक मिटवायला निघालेला शास्त्रज्ञ स्वतः तुरुंगात उपासमारीने गेला. निकोलाय वाविलोव यांची ही गोष्ट.

1887 साली मॉस्कोत जन्म. वडील कापडाचे व्यापारी, पण पोराने शेतीचं कॉलेज धरलं. त्या काळी रशियात दुष्काळ नवा नव्हता. त्यात गव्हावर तांबेरा पडला की हातातोंडाशी आलेलं पीक जायचं. काही गव्हांना मात्र रोग शिवतही नव्हता. का? याचं उत्तर आनुवंशिकतेत आहे, हे वाविलोव यांना पटलं. 1913 मध्ये ते इंग्लंडला जाऊन त्या काळी अगदी नवं असलेलं हे शास्त्र शिकले.

त्यांचं लॉजिक सोपं होतं. एक गहू भरपूर पिकतो, पण रोगाला बळी पडतो. दुसरा कमी पिकतो, पण टिकतो. दोघांचा संकर करायचा आणि पुढच्या पिढ्यांतून दोन्ही गुण असलेली रोपं निवडायची. पण त्यासाठी तो दुसरा गहू हाताशी हवा ना! मग हा माणूस शोधायला निघाला. 1924 मध्ये अफगाणिस्तान, नंतर इथिओपियाचं पठार, पुढे अमेरिका खंड. 1940 पर्यंत लेनिनग्राडच्या त्यांच्या संस्थेत बियांचे सुमारे अडीच लाख नमुने जमले होते.

पण नवं वाण तयार व्हायला वर्षानुवर्षं लागतात आणि स्टालिनला धीर नव्हता. झटपट पीक वाढवून देतो म्हणणाऱ्या लायसेंको यांनी जनुकशास्त्रच खोटं ठरवलं आणि सत्ता त्यांच्या पाठीशी राहिली. वाविलोव यांनी विरोध सोडला नाही. ऑगस्ट 1940 मध्ये ते युक्रेनमध्ये बिया गोळा करत असतानाच त्यांना अटक झाली. 26 जानेवारी 1943 रोजी सारातोवच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला. याच शहरात ते एकेकाळी प्रोफेसर होते.

तिकडे लेनिनग्राडला जर्मन सैन्याचा वेढा पडला होता. तो 872 दिवस चालला. संस्थेतले काही सहकारी भुकेने मेले, पण जपलेल्या धान्याला त्यांनी हात लावला नाही. 1955 मध्ये सरकारने वाविलोव यांना निर्दोष ठरवलं. आज ती संस्था त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

या खटाटोपाचा उपयोग काय? 2006 मध्ये जंगली एमर गव्हातलं एक जनुक शास्त्रज्ञांनी वेगळं काढलं. त्याने दाण्यातलं प्रोटीन, लोह आणि जस्त वाढतं. आजच्या बहुतेक गव्हांत ते कामच करत नाही. आपला खपली गहू याच जंगली एमरचा शेतातला वंशज. उद्या कोणता गुण लागेल हे आज सांगता येत नाही, म्हणून सगळंच जपायचं, हे वाविलोव यांनी शंभर वर्षांपूर्वीच ओळखलं होतं.