आचार्य जगदीशचंद्र बसू आणि त्यांची उपकरणे

आपल्या वार्षिक स्मरणिकेत समाजातील कर्तबगार पुरुषांची चरित्रे देण्याचा प्रघात आहे. त्यामुळे एका बंगाली शास्त्रज्ञाचे चरित्र येथे पाहून काही समाजबांधवांस आश्चर्य वाटेल. आचार्य जगदीशचंद्र बसू हे आपल्या समाजाचे नव्हते, आपल्या प्रांताचेही नव्हते. परंतु ज्या उपकरणांमुळे त्यांची कीर्ती सातासमुद्रापलीकडे गेली ती पत्रा, पितळ, तार आणि लाकूड यांचीच होती, व ती घडविणारे हात आपल्यासारख्याच कारागिरांचे होते. नेसरीचे नाव घेतले की २४ फेब्रुवारी १६७४ रोजी प्रतापराव गुजर व त्यांचे सहा शिलेदार येथे धारातीर्थी पडले, हे सर्वांस आठवते. त्या सात तलवारी कोणाच्या भात्यावर तापल्या, हे मात्र कोणी विचारीत नाही. आम्हां लोहार-सुतारांच्या मनात तो प्रश्न येतोच.

जगदीशचंद्रांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजी पूर्व बंगालात झाला. वडील भगवानचंद्र हे सरकारी अधिकारी व ब्राह्मसमाजी होते. त्या काळी अशा घरातील मुलगा इंग्रजी शाळेतच जावयाचा. पण भगवानचंद्रांनी आपल्या मुलास बंगाली शाळेत घातले. तेथे त्याच्या एका बाजूस वडिलांच्या मुसलमान चपराशाचा मुलगा बसे व दुसऱ्या बाजूस कोळ्याचा. पुढे वडिलांची बदली बरद्वानला झाली. तापाच्या साथीने त्या जिल्ह्यात अनेक मुले पोरकी झाली होती. भगवानचंद्रांनी त्यांच्यासाठी राहत्या आवारातच सुतारकाम, कातकाम व पितळेचे ओतकाम यांचे कारखाने उघडले. जगदीश तेथेच रमे. घरातील मोडकी पितळी भांडी आईकडून हट्टाने मागून घेऊन त्याने तेथे एक लहानशी तोफ ओतवून घेतली होती. साहेबाच्या मुलाने भट्टीजवळ बसावे, यात त्या पित्यास कमीपणा वाटला नाही. आज आपल्यातीलच काही शिकलेली मंडळी घरची ऐरण पाहुण्यांच्या दृष्टीआड करतात, म्हणून ही गोष्ट मुद्दाम सांगितली.

कलकत्त्याच्या सेंट झेवियर कॉलेजात त्यांस फादर लाफाँ हे गुरू लाभले. पदार्थविज्ञान पुस्तकातून वाचून दाखविण्याचा विषय नव्हे, तो डोळ्यांसमोर घडवून दाखविण्याचा आहे, अशी या पाद्र्यांची धारणा होती व त्यांचे प्रयोग पाहावयास शहरातील लोकही जमत. पुढे जगदीशचंद्र १८८० मध्ये विलायतेस वैद्यक शिकण्यासाठी गेले, प्रकृतीमुळे ते सोडून केंब्रिजला आले आणि तेथे लॉर्ड रॅले यांच्या हाताखाली शिकले. रॅले यांची प्रयोगातील काटेकोर सावधगिरी त्यांनी उचलली. लाफाँ यांच्याकडून प्रयोग दाखविण्याची हौस अगोदरच मिळालेली होती.

१८८५ मध्ये ते कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापक झाले. तेथे हिंदी प्राध्यापकास युरोपीय प्राध्यापकाच्या दोनतृतीयांश पगार मिळे आणि जागा हंगामी असल्याने त्याचाही निम्मा, म्हणजे एकतृतीयांशच हाती पडावयाचा. जगदीशचंद्रांनी काम पूर्ण केले, पण तीन वर्षे पगारास हात लावला नाही. घरात वडिलांच्या बुडालेल्या उद्योगांचे कर्ज होते. याच काळात, १८८७ मध्ये, त्यांचा अबलादेवींशी विवाहही झाला. अखेर सरकारने पूर्ण पगार मागील बाकीसह मान्य केला आणि ती रक्कम कर्जफेडीत गेली.

कॉलेजात संशोधनासाठी प्रयोगशाळा म्हणावी अशी नव्हतीच. स्नानगृहालगतची सुमारे २४ चौरस फुटांची एक खोली, एवढीच जागा. उपकरणे विलायतेहून मागवावीत तर खर्च कोण देणार? त्यांनी पत्र्याचे काम करणारा एक साधा कारागीर हाताशी धरला व त्यास शिकवून आपली उपकरणे करून घेतली. चरित्रग्रंथांत हा गृहस्थ केवळ त्याच्या धंद्याच्या नावाने येतो. आमच्या मते ही उणीव लहान नाही.

हर्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८८७ च्या सुमारास विद्युत्-लहरी निर्माण करून दाखविल्या होत्या. परंतु त्या लांब असत. त्या वळवून दाखविण्यासाठी हर्ट्झला डांबराचा जो लोलक करावा लागला त्याचे वजन ६०० किलोच्या घरात होते. असा लोलक वर्गात कोण आणणार? जगदीशचंद्रांच्या ध्यानात आले की लहर आखूड केली तर उपकरणही लहान होईल. धातूच्या लहान गोळ्यांमध्ये ठिणगी पाडून त्यांनी लहरींची लांबी काही मिलिमीटरांपर्यंत खाली आणली. मग डांबराच्या ढिगाऐवजी टेबलावर मावणारा गंधकाचा लोलक पुरला. प्रकाश जसा परावर्तित होतो, वळतो, तसेच या अदृश्य लहरींचेही होते, हे विद्यार्थ्यांस बाकावर बसून पाहता येऊ लागले.

लहरी ओळखण्यासाठी त्या वेळी लोखंडाच्या किसाने भरलेली नळी वापरीत. बंगालच्या दमट हवेत ती धड चालेना. जगदीशचंद्रांनी किसाऐवजी पोलादी तारेच्या बारीक स्प्रिंगा एका ओळीत बसविल्या, त्यांचा दाब कमीजास्त करण्याची सोय ठेवली आणि गंज चढू नये म्हणून त्यांवर कोबाल्टचा मुलामा दिला. मुलाम्याचे मर्म आपल्या वाचकांस समजावून सांगण्याची गरज नाही. लहरींचे कंपन एकाच दिशेस राखण्यासाठी ब्रॅडशॉच्या जाडजूड रेल्वे वेळापत्रकाच्या पानांत त्यांनी कथलाचा वर्ख घातला. साखरेच्या पाण्यात प्रकाशाचे कंपन ज्याप्रमाणे फिरते तसे विद्युत्-लहरींचेही फिरते काय, हे पाहण्यासाठी ताग पिळून त्याच्या जुड्या केल्या. बाजारात मिळणाऱ्या वस्तूंतून इतके सूक्ष्म काम निघाले.

१८९५ मध्ये कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये त्यांनी जाहीर प्रयोग केला. विद्युत्-लहर लेफ्टनंट गव्हर्नरांच्या देहातून व भिंतींतून आरपार गेली आणि सुमारे ७५ फुटांवर घंटा वाजली व बंदुकीची दारू उडाली. मार्कोनीचे नाव तेव्हा जगास ठाऊक नव्हते. २९ जानेवारी १८९७ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी हीच उपकरणे मांडली, तेव्हा लॉर्ड केल्विन यांच्यासारखे वृद्ध शास्त्रज्ञ थक्क झाले. या शोधांपासून पैसा मिळविण्याची त्यांस इच्छा नव्हती. स्नेह्यांच्या आग्रहाने १९०४ मध्ये अमेरिकेत एक पेटंट मिळाले, त्याचाही त्यांनी लाभ घेतला नाही. येथे आमचे मत थोडे निराळे आहे. कारागिराच्या घरी असे औदार्य परवडत नाही.

केल्विनप्रभृतींनी प्रेसिडेन्सी कॉलेजास चांगली प्रयोगशाळा द्यावी अशी शिफारस सरकारकडे केली. ती प्रत्यक्षात आली तेव्हा जगदीशचंद्र निवृत्तीच्या उंबरठ्यावर होते. १९१५ मध्ये ते निवृत्त झाले व ३० नोव्हेंबर १९१७ रोजी त्यांनी कलकत्त्यास बसू विज्ञान मंदिर स्थापिले. वनस्पतींची वाढ दहा हजार पटींनी मोठी करून दाखविणारे त्यांचे यंत्रही हिंदी कारागिरांनीच घडविले. वनस्पतींविषयीच्या त्यांच्या काही अनुमानांवर पुढे वाद झाले. यंत्रांच्या कौशल्याबद्दल मात्र क्वचितच कोणी शंका घेतली. १९२० मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले आणि २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह येथे निवर्तले.

ज्या मिलिमीटर लहरी त्यांनी त्या लहानशा खोलीत निर्माण केल्या त्यांचा उपयोग आज रेडिओ-दुर्बिणींत व दळणवळणात होत आहे. त्यांची मूळ उपकरणे कोलकात्याच्या विज्ञान मंदिरात जपून ठेवली आहेत. पिळलेल्या तागाची जुडीही त्यांत आहे.